हंसांना हाकलण्याचं काम

आमच्या घराने बुऱ्हाणपुरातच राहायचं की अमरावतीला जायचं, हा प्रश्न त्या हिवाळ्यात तापीकाठच्या हरभऱ्याच्या एका पट्टीवर येऊन अडला होता, आणि ती पट्टी हंस खात होते. असं एका दमात सांगितलं की लोकांना मी थट्टा करते आहे असं वाटतं. पण यात मी पदरचं काहीच घातलेलं नाही.

झालं होतं असं की राज्यांची नवी मांडणी झाली आणि आमची राजधानी नागपूरहून उठून भोपाळला गेली. बाबा तहसील कचेरीत कारकून होते. कर्मचाऱ्यांकडून लिहून घेणं चाललं होतं: नव्या मध्य प्रदेशात राहणार, की विदर्भात, म्हणजे तेव्हाच्या मुंबई राज्यात, जाणार? कागद साधा होता. नाव, हुद्दा, आणि खाली एका शब्दात उत्तर. पण बाबांना तो एक शब्द लिहिता येईना. अमरावतीला त्यांचे थोरले भाऊ होते. इथे त्यांची वीस वर्षांची नोकरी होती, शनवारा मोहल्ल्यातलं हवेशीर भाड्याचं घर होतं, आणि मावा जिलेबी होती. सकाळी आंघोळ करताना ते अमरावतीचे असत आणि संध्याकाळी जिलेबीचा पुडा घेऊन येताना बुऱ्हाणपूरचे. आल्यागेल्याला विचारत, “तुम्हाला काय वाटतं?” दूधवाल्याला विचारून झालं, न्हाव्याला विचारून झालं. घरी येणाऱ्या एका वयस्कर शास्त्रीबुवांना तर त्यांनी तीनदा विचारलं आणि बुवांनी तिन्ही वेळा वेगळं उत्तर दिलं.

आईला मात्र त्यांनी विचारलं नाही. यात दुष्टपणा नव्हता. बायकोला असलं काही विचारायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं, एवढंच. आई जसोंडीची, शेतकऱ्याची मुलगी. तिचं माहेर बैलगाडीने सकाळी निघून दुपारी परत येण्याइतकं जवळ. तिच्या मैत्रिणी, तिचे पापड, तिची भांडणं, सगळं आमच्या गल्लीत. अमरावतीचं नाव निघालं की ती उठून चुलीपाशी जायची आणि नसलेली लाकडं सारायची. तिला जायचं नव्हतं हे आंधळ्यालाही दिसलं असतं. बाबांना चष्मा होता.

आणि मला जायचं होतं. हे मी आज मोकळेपणी लिहिते, तेव्हा कुणाजवळ बोलले नव्हते. मी मॅट्रिक होऊन मुलींच्या मराठी शाळेत पहिलीला शिकवत होते. अमरावतीच्या काकांच्या दोघी मुली सायकलवरून कॉलेजात जायच्या. मे महिन्यात त्या आल्या होत्या तेव्हा कॉलेज, कॉलेज करून त्यांनी माझं डोकं उठवलं होतं. त्यांना बे सतरा किती ते सांगता येत नव्हतं, पण सायकल येत होती. मी जळून खाक झाले होते.

तर अशा वेळी बाबांच्या डोक्यात शेतीचं खूळ आलं. पावसाळा संपला की तापी आत सरकते आणि काठावर गाळाची जमीन उघडी पडते. लोक त्या गाळात हरभरा, गहू, काकड्या लावतात. ओळखीच्या एका शेतकऱ्याला त्या साली त्याची पट्टी करायची नव्हती. बाबांनी ती मागून घेतली, माणूस लावून हरभरा पेरला, आणि त्या रात्री जेवताना जाहीर केलं, “हा हरभरा चांगला आला तर समजायचं की इथल्या मातीचं आपल्याशी जमतं. मग इथेच राहू. नाही आला तर अमरावती.”

शास्त्रीबुवांपेक्षा हरभरा बरा, कारण तो एकच उत्तर देणार, असा त्यांचा हिशेब असावा. आईने त्यांच्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, “बोललेलं ध्यानात ठेवा बरं.”

बाबांनी आयुष्यात कुंडीतली तुळससुद्धा वाळवली होती. पण कारकून माणूस, शेतीचेही नियम त्यांनी आधी तयार केले. पहिला नियम असा की या हरभऱ्याची भाजी कुणी खुडायची नाही. “एक शेंडा म्हणजे एक फांदी,” त्यांनी बोटावर दाखवलं, “आणि एक फांदी म्हणजे किती घाटे, किती दाणे. तुम्ही शेंडा खुडून भाजी केली की तेवढे घाटे गेले.” हरभऱ्याच्या पाल्याची भाजी मी दर हिवाळ्यात चापून खात आले होते, पण पाला खुडल्यावर झाडाचं काय होतं याचा विचार मी मॅट्रिकपर्यंत केला नव्हता. मला बाबांचं म्हणणं अगदी पटलं. आई “बरं” म्हणाली. आई “बरं” म्हणाली की सावध व्हायचं असतं, हे आम्हा दोघांनाही तेव्हा कळत नव्हतं.

हरभरा वीतभर झाला आणि हंस आले.

नदीच्या मधोमध वाळूचा मोठा उंचवटा होता, तिथे ते दिवसभर बसत. राखी-पांढरं अंग, पिवळी चोच, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळ्या पट्ट्या. दरसाल थंडीत यायचे आणि होळीच्या सुमारास जायचे. आमच्या गावाला समुद्र नाही, पण त्या वाळूवर ते असे पसरायचे की किनारा कसा असतो ते आम्हाला त्यांच्यामुळे कळायचं. गावातले निम्मे लोक त्यांना बदकं म्हणत. बाबांना मात्र ते हंसच हवे होते. हिमालयापलीकडून येतात असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, आणि हिमालयापलीकडे मानससरोवर सोडून दुसरं काही असेल असं त्यांना वाटत नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी काठावर उभं राहून चक्क हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघतात तर अर्ध्या पट्टीचे शेंडे गायब. गाळात जिकडेतिकडे पंजे उमटलेले. हात जोडल्याचा बाबांना पश्चात्ताप झाला, पण हंसाला दगड कसा मारायचा? बदक असतं तर मारला असता. आपणच त्यांना हंस म्हणून बसलो होतो.

मग त्यांनी राखण सुरू केली. रविवारी साडेदहाला ते कोट-टोपी घालून पट्टीवर हजर व्हायचे आणि साडेपाचला निघायचे. ती कचेरीची सवयच होती, आणि हंसांनी ती दोन रविवारांत ओळखली. ते दिवसभर वाळूवर चोच पंखात खुपसून झोपायचे आणि बाबांची टोपी घाटाच्या पायऱ्या चढून दिसेनाशी झाली की उठायचे. एकदा बाबा मुद्दाम उशिरापर्यंत थांबले. हंस आले, चार हातांवर उतरले आणि खायला लागले. बाबा त्या दिवसांत कचेरीच्या नव्या शुद्ध हिंदीचा सराव करत होते. बुऱ्हाणपुरी हिंदी त्यांना फर्डी यायची, पण ती भोपाळला चालणार नाही अशी त्यांना भीती होती. ते हंसांना म्हणाले, “कृपया यहाँ से प्रस्थान कीजिए।” मी स्वतः ऐकलं. हंसांतल्या एकाने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं आणि पुन्हा शेंड्याला चोच लावली.

शेवटी त्यांनी अर्ज केला. कारकुनाला दुसरं सुचणार काय? वन्य हंसांकडून पिकाची हानी होत आहे, बंदोबस्त व्हावा. हा अर्ज नागपूरला पाठवायचा की भोपाळला, यात आठवडा गेला. कुठे गेला ते मला आठवत नाही, पण उत्तर आलं आणि घरात वाचून दाखवण्यात आलं. त्यात विचारलं होतं की सदर पक्षी कोणत्या जिल्ह्याचे निवासी आहेत आणि त्यांची निश्चित संख्या काय. बाबांना यात काही चुकीचं वाटलं नाही. ते वही घेऊन मोजायला गेले. बसलेले चाळीस मोजेपर्यंत त्यातले वीस उडून दुसरीकडे बसायचे. निवासाच्या रकान्यात काय लिहावं यावर ते बराच वेळ थांबले. मला वाटतं, तेवढ्यापुरती त्यांना स्वतःच्याही कागदाची आठवण झाली असावी. त्यांनी वही मिटली आणि घरी येऊन पडून राहिले.

तेव्हा आईने कारभार हातात घेतला. तेलाचा रिकामा डबा आणि एक दांडकं तिने माझ्यासमोर ठेवलं. “शाळा सुटली की पट्टीवर जायचं. दिवेलागणीच्या टायमाला येतात ते. डबा वाजवायचा. अंधार पडला का मी कंदील घेऊन येते तुला घ्यायला.”

“मीच का?” मी कुरकुरले.

“तुझे बाबा त्यांना जी-जी करतात म्हणून.”

पहिल्या दिवशी मी डबा खरोखर वाजवला. हंस एकदम उठले. एवढे पंख एका वेळी डोक्यावरून गेले तेव्हा मी डबा डोक्यावर धरून खाली बसले. त्यांनी नदीवर एक मोठा फेरा घेतला, कण्हल्यासारखे आवाज करत पुन्हा वाळूवर उतरले आणि वाट बघत बसले. दुसऱ्या दिवशी मी डबा मांडीवर घेतला, दांडकं हातात धरलं, आणि विचार करत बसले. मी इथे कशासाठी बसले आहे? हरभरा वाचावा म्हणून. हरभरा वाचला तर काय होईल? मी जन्मभर शनवाऱ्यात पहिलीच्या पोरींना बाराखडी गिरवायला लावेन, आणि काकांच्या मुली तिकडे सायकली चालवतील. हे उमगल्यावर मी दांडकं बाजूला ठेवलं आणि पिशवीतून पुस्तक काढलं.

हंस आले. आधी दोन, मग दहा, मग सगळे. माझ्यापासून दहा पावलांवर ते ओळीने चालत शेंडे खुडायचे. खुडताना बारीक टक्-टक् आवाज यायचा. त्यांच्या पाठीवर शेवटचं ऊन पडलेलं असायचं. इतकं सुंदर काही मी तोवर पाहिलं नव्हतं, आणि इतका हलकटपणा तोवर कधी केला नव्हता, आणि हे दोन्ही रोज संध्याकाळी एकाच जागी बसून चालायचं. घाटावर आईचा कंदील दिसला की मी उठून डबा बडवायला लागायचे. हंस पोटभर जेवून उडालेले असायचे. “गेले का?” आई विचारायची. “आत्ताच हाकलले,” मी सांगायचे. माझा आवाज मलाच खोटा वाटायचा. आई कंदील वर करून पट्टीकडे बघायची आणि म्हणायची, “चाल.”

असे तीन आठवडे गेले. पट्टी न्हाव्याने डोकं भादरावं तशी सारखी झाली. बाबांनी एका रविवारी ती बघितली आणि हरभऱ्यावर पाणी सोडलं. घरी येऊन म्हणाले, “अमरावती.” मग ते निरोप घ्यायला लागले. कचेरीतल्या शिपायाचा घेतला, दूधवाल्याचा घेतला, आणि जिलेबीचा तर रोज संध्याकाळी पावशेर घेऊ लागले. मी माझी पुस्तकं एका ट्रंकेत रचायला घेतली. आईसमोर मात्र मला ट्रंक उघडवेना. ती दळण करायची, गल्लीत भांडायची, जणू काही घडलंच नाही. तिला बघून मला रात्री झोप लागायची नाही. स्वतःच्या आईचं गाव मी हंसांना चारलं होतं. मी तेव्हा वाईट मुलगी होते असं नाही, पण मला कॉलेज फार हवं होतं.

संक्रांत झाली आणि आई म्हणाली, “आजपासून तू घरीच राह्य. राखण मी करते.”

“आता काय राखायचं राहिलंय?”

“फुलं येऊन राह्यली.”

आईची राखण बघायला गल्लीतल्या बायका आल्या असत्या तर त्यांना तिकीट लावता आलं असतं. पदर खोचून, डबा डाव्या हातात, दांडकं उजव्या हातात, तोंडाने जसोंडीच्या शिव्या. शुद्ध हिंदीत सांगून न जाणारे हंस त्या शिव्या लगेच समजले. आठ दिवसांत त्यांनी आमच्या काठाचा नाद सोडला आणि पलीकडच्या कुणाच्या तरी गव्हात जायला लागले. मला कळेना की वाचवायला काही उरलं नसताना ही एवढी तडफ कशासाठी. मला वाटलं दुःखाने तिचं डोकं फिरलंय. आणखीच अपराधी वाटलं.

मग एक दिवस मामा आला. जसोंडीहून बाजाराला आला होता, तर बाबा त्याला उजाड पट्टी दाखवायला घेऊन गेले. दुःख दाखवायला कुणीतरी लागतंच. मीही मागून गेले. मी महिनाभर तिकडे फिरकले नव्हते. मामा बांधावर उभा राहिला. खाली वाकला, एक झाड हाताने उलगडलं. मग दुसरं बघितलं.

“दाजी,” तो म्हणाला, “शेंडे कोणाकडून खुडून घेतले?”

बाबा खिन्नपणे म्हणाले, “अहो, हंसांनी खाल्ले.”

“हंसांनी?” मामा उठला. “इतके सारखे तं आमच्या बाया बी खुडत नाहीत. पाहा ना, एका शेंड्याच्या जागी चार-चार फांद्या फुटल्या. आम्ही मजूर लावून खुडतो, दाजी. कोवळ्यात शेंडा मोडला का झाड पसरतं. आन् फूल यायच्या आधीच थांबले तुमचे हंस. मोठे समजदार निघाले.”

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. झाडं उंच नव्हती, पण रुंद झाली होती, आणि आतून बाहेरून घाट्यांनी लगडली होती. मी तिथेच बांधावर बसले. एक शेंडा म्हणजे एक फांदी, हे गणित बाबांचं होतं, आणि त्याच्यावर विश्वास ठेवून मी तीन आठवडे माझ्याच कॉलेजची मुळं खणत होते. मामा बाबांना हरभऱ्याच्या झाडावर चढवत होता आणि बाबा चढत होते. घरी पोचेपर्यंत तर ही पद्धत त्यांना आधीपासूनच ठाऊक होती.

हरभरा घरी आला. पोती ठेवायला जागा पुरेना, म्हणून माझी ट्रंक बाहेर काढावी लागली. बाबांनी टाक घेतला आणि कागदावर एका झटक्यात लिहिलं, “राहणार.” मी मागच्या अंगणात जाऊन रडले. हंसांवर चिडले, मामावर चिडले, हरभऱ्याच्या जातीवर चिडले. महिनाभर मी घुगऱ्यांना हात लावला नाही.

त्यानंतर काही दिवसांनी जेवताना आई बाबांना म्हणाली, “पोरगी जूनमध्ये अमरावतीला जाईल. भाऊजींकडे राहील. कॉलेजात घालायचं तिला.”

बाबांचा घास हातातच राहिला. “आपण राहतो आहोत ना इथे? मी लिहून दिलंय.”

“तुम्ही तुमचं लिहून दिलं. तिचं कुठं लिहिलं?”

बाबांनी पंधरा दिवस वाद घातला. एकट्या मुलीला कसं पाठवायचं, लोक काय म्हणतील, शाळेतली नोकरी हातची जाईल. आई प्रत्येक वेळी “बरं” म्हणाली. जूनमध्ये मी गाडीत बसले.

अमरावतीत सायकल शिकताना दोनदा पडले, कॉलेजात रमले, पण एक गोष्ट मनाला खात राहिली. जिला मी फसवलं, तिनेच मला पाठवलं होतं. पत्रात लिहायचं धाडस होईना. दिवाळीला घरी आले तेव्हा बाबा गाळात पुन्हा हरभरा पेरायला गेले होते, या वेळी मनात कसलीही शंका नसलेला पक्का शेतकरी म्हणून. आई करंज्या भरत होती. मी तिच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं. की मी डबा वाजवत नव्हते. कंदील दिसल्यावर वाजवायचे. हरभरा जावा असंच मला वाटत होतं.

आईने करंजीची कड मुडपली. “मला माहीत होतं. वाजणारा डबा गल्लीपर्यंत नाही, पण घाटापर्यंत तं ऐकू येतो. कंदील दिसेपर्यंत तो वाजतच नव्हता.”

“मग रागावली का नाहीस? मला तिथे बसवलंस कशाला?”

“शेंडे खुडायचे होते. तुझ्या बाबांनी मनाई केलेली. मी खुडले असते तं घर डोक्यावर घेतलं असतं त्यांनी. हंसांना कोण काय म्हणणार?”

मी हसायला लागले. मग मनात आलं ते विचारलं. “आणि मी खरंच रोज डबा वाजवला असता तर?”

“तं मी पहाटे जाऊन हातानं खुडले असते. त्याचं काय एवढं.” तिने पुढची करंजी घेतली. भरून ताटात ठेवली. “पण मग मला समजलं असतं, तुला बी इथंच राह्यचं आहे. मग मी तुझ्या बाबांजवळ कॉलेजची गोष्ट काढली नसती.”

मी लाटलेली पुरी तिच्यापुढे सरकवली.

“मला कोणी विचारलं नाही,” आई म्हणाली. “लग्नाच्या वेळी नाही, त्या कागदाच्या वेळी बी नाही. तुला तरी विचारावं म्हटलं.”

“मग तोंडाने का नाही विचारलंस?”

“तोंडानं विचारलं असतं तं तू म्हटली असती, आई म्हणेल तसं.”

ते खरं होतं. मी अगदी तसंच म्हटलं असतं, आणि मग जन्मभर तिच्यावर चिडून राहिले असते.